पहिल्या हाताची परीक्षा : पेडणे-डिचोलीतील तातडीच्या उपचारांचा पूर्वेतिहास

डॉक्टरच्या हाती पडेपर्यंत रुग्णाला कोणी हाताळावे आणि हाताळणाऱ्याची लायकी कोणी तपासावी, हा प्रश्न गोव्यात निदान चारशे वर्षे जुना आहे. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे रुग्णवाहिकेत रुग्णाशेजारी बसून वाटेतच उपचार सुरू करणारा ‘ईएमटी’, या कामाच्या प्रमाणपत्रासाठी पेडण्याचा किंवा डिचोलीचा तरुण आज जी परीक्षा देतो, ती या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांतील सर्वांत अलीकडचे उत्तर होय. आधीची उत्तरे बहुधा राजधानीत ठरली आणि परक्या भाषेत लिहिली गेली, हे ध्यानात घेतल्याशिवाय या परीक्षेचे वेगळेपण कळत नाही.

१६१८ साली गोवा शहराच्या नगरसभेने असा निर्बंध घातला की ‘फिझिको-मोर’, म्हणजे पोर्तुगीज सत्तेचा मुख्य वैद्य, याच्यापुढे परीक्षा दिल्यावाचून कोणी वैद्यकी करू नये, आणि शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये. वरवर पाहता हा रुग्णाच्या हिताचा नियम होता. पण संख्येची अट लायकीशी नव्हे, धर्माशी जोडलेली होती, त्यामुळे परीक्षा हे येथे ज्ञान मोजण्याइतकेच माणसे वगळण्याचेही साधन होते. गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरील ग्रंथात एतद्देशीय वैद्यांच्या माहितीचा आधार घेतला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्बंधातील विसंगती अधिकच जाणवते.

पेडणे आणि डिचोली या निर्बंधाच्या कक्षेबाहेर होती, कारण ते मुलूख तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हतेच. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नवी काबिजाद’ या नावाने ओळखले जाऊ लागले. येथील व्यवहार मराठी-कोकणीत चालत असे, आणि सुईण, हाडवैद्य, झाडपाल्याचे औषध देणारा जाणकार व देवस्थानचा घाडी (देवऋषी) हीच तातडीच्या प्रसंगीची माणसे होती. त्यांना कोणाचे प्रमाणपत्र नव्हते. पिढीजात अनुभव आणि गावाची स्मरणशक्ती, म्हणजे कोणाच्या हातून किती बाळंतिणी वाचल्या हे गावाला ठाऊक असणे, हीच त्यांची परीक्षा होती. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण तिच्यात चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती आणि रुग्ण दगावला तर दोष दैवाकडे जाई.

१८४२ साली पणजीत वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा, पोर्तुगीज नावाने ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’, स्थापन झाली. तिचे शिक्षण पोर्तुगीजमधून असल्यामुळे मराठी पंतोजींकडे शिकलेल्या नव्या काबिजादीतील मुलांना तो दरवाजा अरुंदच होता, आणि जे तेथून बाहेर पडत त्यांतील अनेकांची नेमणूक आफ्रिकेतील वसाहतींत होई. पेडणे महालातील मांद्रे हे ज्यांचे जन्मगाव म्हणून सांगितले जाते त्या भाऊ दाजी लाड यांचे वैद्यकीय शिक्षण पणजीत नव्हे, तर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले आणि १८५१ साली तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. मांद्र्याहून पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. परंतु विद्येचा रस्ता मुंबईकडे वळत होता.

गावच्या कामकरी माणसाने तातडीच्या उपचाराची परीक्षा देण्याचा प्रसंग डिचोलीत आला तो खाणींमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाची निर्यात वाढली आणि शिरगाव, पाळी, मुळगाव, लामगाव या भागांत उघड्या खाणी पसरल्या. १९६१च्या मुक्तीनंतर भारतीय खाण कायदे येथे लागू झाले. त्यांच्या नियमांनुसार खाणीवर प्रथमोपचाराची साधने आणि ती वापरू शकणारी प्रशिक्षित माणसे असणे बंधनकारक होते, आणि मेट (मुकादम), फोरमन किंवा मॅनेजर यांच्या सक्षमता परीक्षेला बसणाऱ्याला आधी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मिळवावे लागे. १८७७ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या सेंट जॉन अॅम्ब्युलन्स संस्थेच्या धर्तीवरील या परीक्षेत त्रिकोणी पट्टी बांधणे, फळी लावून मोडलेले हाड स्थिर करणे आणि रक्तस्राव थांबवणे ही कामे करून दाखवावी लागत. खाणींच्या इतिहासात धूळ, ट्रक आणि परवाने यांवर पुष्कळ लिहिले जाते. या लहानशा प्रमाणपत्राकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही.

ईएमटी हे पद या परंपरेतून सरळ उगवलेले नाही. अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अपघाती मृत्यूंवरील अहवालाने असे दाखवून दिले होते की तेथील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवत, कारण आडवा माणूस नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. त्यानंतर १९७० साली तेथे ईएमटींची राष्ट्रीय नोंदणी संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी तिची पहिली परीक्षा झाली. भारतात हैदराबाद येथे २००५ साली सुरू झालेली १०८ क्रमांकाची सेवा सप्टेंबर २००८ मध्ये गोव्यात आली आणि गाडीचा ‘पायलट’, म्हणजे चालक, व मागे बसणारा ईएमटी ही जोडी गावोगाव परिचित झाली.

या कामाच्या परीक्षेची तयारी लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दुहेरी असते. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देणे आणि ३० दाबांमागे दोन श्वास देणे हे पुतळ्यावर घोटून घ्यावे लागते. अनेक जखमी असतील तर लाल, पिवळा, हिरवा आणि काळा अशा खुणांनी कोणाला आधी उचलायचे हे ठरवण्याची पद्धत, जिला ट्रायज म्हणतात, तोंडपाठ असावी लागते. घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग यांच्या या मुलखात सर्पदंशाचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे : आवळपट्टी बांधायची नाही, जखम कापायची नाही, अवयव स्थिर ठेवायचा आणि प्रतिविष मिळेल तेथे वेळ न दवडता न्यायचे. जुन्या उपचारांतील बरेचसे येथे परीक्षार्थीला विसरायलाच शिकावे लागते.

डिचोलीची सीमा ओलांडून दोडामार्गात शिरले की १०८ हाच क्रमांक चालतो, पण महाराष्ट्राची ही सेवा, जी २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली, रुग्णवाहिकेत डॉक्टर ठेवण्याच्या तत्त्वावर उभी आहे, तर गोव्याची व्यवस्था मुख्यतः प्रशिक्षित तंत्रज्ञावर विसंबते. या दुसऱ्या निवडीत तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्रावरचा भार साहजिकच अधिक असतो. त्या प्रमाणपत्राला देशभर एकच मापदंड असावा यासाठीची तरतूद २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने केली. त्यात या व्यवसायाचा नामोल्लेख असून केंद्र व राज्यांच्या नोंदवह्यांची व्यवस्था सांगितली आहे.

भाषेचा प्रश्न मात्र १८४२ सालचाच आहे. ईएमटीच्या अभ्यासाची परिभाषा इंग्रजी असते, आणि पेडण्याच्या घरात रुग्ण ‘हर्द्यांत दुखता’ किंवा ‘घुंवळ येता’ असे म्हणतो. सर्पदंश झाला तर कोकणपट्टीत सापाचे नाव न घेता ‘पान लागले’ एवढेच सांगण्याची रीत आहे. हे शब्द ज्याला कळत नाहीत तो पुतळ्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवूनही अंगणात अडखळेल. नव्या नोंदवहीचे नियम ठरवणाऱ्यांनी गोव्यासाठी अशा मराठी-कोकणी शब्दांचा कोश परीक्षेच्या अभ्यासक्रमातच घालावा.