फांद्या फुटलेली पेशी

वृषणातल्या शुक्रजनक नलिकेच्या भिंतीला बूड टेकवून आणि शेंडा मधल्या पोकळीकडे करून उभी असते ती सर्टोली पेशी. इटलीतल्या सोंद्रिओ गावचे एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी तेविशीही ओलांडलेली नव्हती. त्यांनी तिला ‘फांद्या फुटलेली पेशी’ म्हटले. वर्णन अचूक होते, कारण त्या फांद्यांच्या बेचक्यांत शुक्राणू होऊ घातलेल्या गोल पेशी रुतून बसलेल्या असतात. शुक्राणूंच्या निर्मितीशी हिचा संबंध असावा, हा त्यांचा तर्कही खरा ठरला. सर्टोली हे नाव तिला इतरांनी दिले. पोषण करते म्हणून ‘दाई’ हेही नाव पडले. तिच्या कडा मात्र साध्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसत नसत. म्हणून या सगळ्या पेशी मिळून एकच सलग पेशीद्रव्य असावे, असे कित्येक अभ्यासक मानत. प्रत्येक पेशी वेगळी असते, हे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले.

या पेशीचे स्वतःचे बालपण तिच्या शोधाहून रंजक आहे. नवजात मुलाच्या नलिका भरीव असतात. त्यांत मुख्यतः कोवळ्या सर्टोली पेशी, आणि अधूनमधून पुढे शुक्राणू घडवणाऱ्या बीजपेशी. पहिल्या काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉनची पातळी बरीच चढते, पण शुक्राणू तयार होत नाहीत. कारण ते संप्रेरक ओळखणारे ग्राही सर्टोली पेशींत तेव्हा जवळजवळ नसतातच. निरोप येतो, पण घेणारा कोणी नसतो.

या काळात सर्टोली पेशींचे विभाजन मात्र चालू असते. तान्हेपणी आणि पुन्हा वयात येण्याच्या सुमारास त्यांची संख्या वाढते, मग विभाजन थांबते. पौगंडावस्थेत शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधल्या जातात, नलिकेत पोकळी होते आणि शुक्राणूंची निर्मिती सुरू होते. एक पेशी ठरावीक बीजपेशींनाच सांभाळू शकते. त्यामुळे मोठेपणी किती शुक्राणू तयार होतील, याचा हिशेब बराचसा लहानपणीच मांडून झालेला असतो.

उंदीरवर्गीय प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे ठळकपणे दिसले. उंदराच्या पिल्लांत हे विभाजन साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकते. त्या वयात थायरॉइड संप्रेरक औषधाने काही दिवस दाबून ठेवले, तर विभाजन लांबते. पुढे औषध बंद झाले तरी त्या उंदरांची वृषणे नेहमीपेक्षा मोठी होतात आणि शुक्राणूही जास्त तयार होतात.