सर्व्हरसाठीच्या एसएसडी आणि डेस्कटॉप मदरबोर्ड : एका जोडणीचा इतिहास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे विवेचन बहुधा प्रोसेसरचा वेग आणि साठवणक्षमतेची वाढ या दोन सूत्रांभोवती केले जाते. दोन भागांना एकत्र आणणारे सॉकेट, केबल आणि अडॅप्टर त्या मानाने उपेक्षित राहतात. वस्तुतः सर्व्हर आणि वैयक्तिक संगणक यांमधील सीमारेषा जितकी चिपमध्ये आखली गेली, तितकीच ती या क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूंमध्येही आखली गेली. मोठ्या संस्थांच्या सर्व्हरसाठी निर्माण झालेल्या एसएसडी अडॅप्टर व केबलच्या साहाय्याने डेस्कटॉप मदरबोर्डला जोडण्याचा जो प्रघात २०१५ नंतर रूढ झाला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

दोन परंपरांचा उगम :

या विभागणीच्या दृष्टीने १९८६ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. याच वर्षी स्कझी या जोडणीला अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि याच वर्षी कंपॅकच्या संगणकांतून आयडीई डिस्क बाजारात आल्या. स्कझी महाग, परंतु एकाच केबलवर अनेक उपकरणे सांभाळणारी. आयडीई स्वस्त आणि सुटसुटीत. स्कझी सर्व्हरकडे गेली व आयडीई घरगुती संगणकाकडे, असे स्थूलमानाने म्हणता येते. अर्थात ही विभागणी काटेकोर नव्हती. अॅपलच्या १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसमध्ये स्कझीच होती.

पुढे या दोन्ही परंपरांनी समांतर तारांचा त्याग केला. आयडीईच्या जागी साटा आली आणि स्कझीच्या जागी सॅस. या टप्प्यावरील एक तपशील विशेष बोलका आहे. साटा डिस्कच्या मागील बाजूस माहितीच्या व विजेच्या जोडणीमध्ये एक लहानशी फट असते. सॅस डिस्कमध्ये ती फट भरलेली असते आणि त्या भागावर दुसऱ्या मार्गाचे संपर्कबिंदू असतात. परिणामी साटा डिस्क सॅसच्या सॉकेटमध्ये बसते, मात्र सॅस डिस्कला साटाची साधी केबल लागत नाही. सर्व्हरच्या दारातून घरगुती डिस्कला प्रवेश होता. उलट दिशेचा प्रवेश प्लास्टिकच्या त्या तुकड्यानेच रोखला होता.

यू.२ चा प्रयोग :

एसएसडीच्या आगमनाने ही चौकट अपुरी पडू लागली. साटाचा वेग सेकंदाला ६ गिगाबिटवर थांबला होता, तर एसएसडीच्या चिप त्याहून पुष्कळ अधिक देऊ शकत होत्या. २०११ च्या मार्च महिन्यात एनव्हीएमई या प्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि एसएसडी थेट पीसीआय एक्सप्रेस मार्गावर बोलू लागली. याच सुमारास साटा, सॅस आणि चारपदरी पीसीआय एक्सप्रेस यांना एकाच आकारात सामावणारी ६८ पिनांची जोडणी सिद्ध झाली. एसएफएफ-८६३९ हे तिचे रुक्ष नाव २०१५ मध्ये बदलून ‘यू.२’ असे सुटसुटीत करण्यात आले.

त्याच वर्षी इंटेलने एसएसडी ७५० सामान्य ग्राहकांसाठी आणली. ही मुळात सर्व्हरसाठीच्या पी३७०० या एसएसडीचीच ग्राहक-आवृत्ती होती. ती कार्डाच्या रूपात तर मिळेच, शिवाय १५ मिलिमीटर जाडीच्या अडीच इंची रूपातही मिळे. मात्र या दुसऱ्या रूपासाठी बहुतेक मदरबोर्डांवर जागाच नव्हती. तेव्हा असूसने ‘हायपर किट’ नावाचे लहानसे कार्ड काढले. ते एम.२ खाचेत बसवायचे आणि त्यातून केबल ओढायची, अशी योजना होती. त्यानंतर काही महागड्या मदरबोर्डांवर यू.२ सॉकेट दिसले खरे, परंतु ते टिकले नाही. केबलच नको असलेली एम.२ ची पट्टी उत्पादकांना आणि ग्राहकांना अधिक सोयीची वाटली. २०१७ मध्ये इंटेलने ऑप्टेन ९००पी आणली, तेव्हा तिच्या २८० जीबीच्या यू.२ आवृत्तीसोबत एम.२ खाचेत लावायची केबल डब्यातच दिली. मदरबोर्डकडून सॉकेटची अपेक्षा उरली नसल्याचीच ही कबुली होती.

अडॅप्टरवर आलेली जबाबदारी :

यू.२ सॉकेट मागे पडले, तरी सर्व्हरमधून निवृत्त झालेल्या एसएसडी बाजारात येतच राहिल्या. आता त्यांना जोडण्याचे काम अडॅप्टरवर आले. एम.२ खाच केवळ ३.३ व्होल्ट पुरविते, तर यू.२ एसएसडीला १२ व्होल्ट लागतात. म्हणून या केबलला पॉवर सप्लायकडे जाणारे दुसरे तोंड असावे लागते. सोळा पदरांच्या खाचेत एकाच कार्डावर चार एसएसडी बसवायच्या, तर त्या पदरांची चार-चारांत विभागणी मदरबोर्डला मान्य असावी लागते. ती नसल्यास बहुधा चारांपैकी एकच एसएसडी दिसते.

सर्वांत फसवा प्रश्न संकेताच्या शुद्धतेचा आहे. २०१९ मध्ये पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी डेस्कटॉपवर आली आणि प्रत्येक पदराचा वेग दुप्पट झाला. तिसऱ्या पिढीत निमूट चालणारी केबल आता डगमगू लागली. अशा वेळी संगणक बंद पडतोच असे नाही. चुकलेले पॅकेट पुन्हा पाठविले जाते किंवा जोडणी खालच्या वेगावर उतरते. वापरणाऱ्यास काही जाणवत नाही. विंडोजच्या घटनानोंदीत मात्र सुधारलेल्या चुकांची रांग लागलेली असते. सर्व्हरमध्ये या मार्गाची लांबी आणि गुणवत्ता एकाच उत्पादकाने तपासलेली असते. येथे मदरबोर्ड एकाचा, अडॅप्टर दुसऱ्याचा, केबल तिसऱ्याची. संपूर्ण मार्गाची हमी कोणीच घेत नाही.

उष्णतेचेही तसेच आहे. २५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकणारी ही एसएसडी सर्व्हरच्या पंख्यांचा अखंड झोत गृहीत धरते. घरगुती पेटीच्या कोपऱ्यात तो नसतो.

याहून गंभीर गृहीतक जेडेक संस्थेच्या २०१० च्या जेईएसडी२१८ या मानकात नोंदलेले आहे. लेखनाची निर्धारित मर्यादा संपल्यावर, वीज नसताना, ग्राहक-वर्गातील एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. सर्व्हर-वर्गासाठी ती ४० अंशांना केवळ तीन महिने आहे. हा दर्जातील उणेपणा नव्हे. सर्व्हर चोवीस तास चालू राहणार, हे तेथे धरलेलेच आहे. परंतु मर्यादेपर्यंत झिजलेली अशी एसएसडी कोणी स्वस्तात घेतली, तिच्यावर कामाच्या फायली उतरवल्या आणि ती उन्हाळाभर कपाटात ठेवली, तर ज्या वापरासाठी ती तपासलीच गेली नाही, तो वापर तिच्यावर लादला जातो. अडॅप्टरच्या डब्यावर याचा उल्लेख नसतो, आणि एका अर्थी तो असण्याचे कारणही नाही, कारण अडॅप्टर केवळ पिना जुळवितो.

इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले. दरम्यान सर्व्हरनेही अडीच इंची आकारापासून फारकत घेण्यास आरंभ केला होता. ई१.एस आणि ई३.एस या नव्या आकारांच्या एसएसडी यू.२ च्या केबलला लागत नाहीत. त्यांतील ई१.एस डेस्कटॉपच्या खाचेत बसविण्याची कार्डेही बाजारात आली आहेत.