कबुलीच्या जाळीची कुळकथा

जुन्या कॅथलिक चर्चच्या भिंतीलगत लाकडी कपाटासारखी एक पेटी दिसते. आत फादर बसतात, बाजूला गुडघे टेकायची जागा, मध्ये जाळी. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ते पापनिवेदन इथे होते. पेटी येशूच्या काळाइतकी जुनी वाटते खरी, पण तिचे वय जेमतेम साडेचारशे वर्षे.

त्याआधी, पहिल्या शतकांत, मोठ्या पापाचा पश्चात्ताप चारचौघांत व्हायचा. पहिला नवरा हयात असताना रोममधल्या फाबिओला या खानदानी बाईने दुसरे लग्न केले होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस, ईस्टरच्या तोंडावर, ती लॅटरन बॅसिलिकात पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. केस मोकळे, चेहरा फिकट, मान खाली. बिशप, पाद्री आणि जमलेले लोकही तिच्याबरोबर रडले, असे संत जेरोम यांनी लिहून ठेवले आहे. पण ही क्षमा आयुष्यात एकदाच मिळे. पुन्हा पाय घसरला तर? या धास्तीने कित्येक जण ती मरणशय्येपर्यंत लांबवत.

ही कोंडी फोडली आयर्लंडच्या मठवासीयांनी, सहाव्या-सातव्या शतकात. कबुली खासगीत, आणि गरज पडेल तितक्या वेळा. त्यांच्या ग्रंथांत कोणत्या पापाला किती उपास याची दरपत्रकेच असत. आज ती कठोर वाटतील. तरीही देवाची दया वारंवार मागता येते, हे रोजच्या आचारात आणले ते त्यांनीच. या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल हेच.

1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा कबुली सक्तीची केली. ऐकलेले पाप बाहेर फोडणाऱ्या पाद्र्याचे पद काढावे आणि त्याला जन्मभर प्रायश्चित्तासाठी मठात धाडावे, असेही ठरवले.

पेटी आली मिलानमधून. तोवर पाद्री उघड्यावर खुर्चीत बसत आणि माणूस शेजारी गुडघे टेके. स्त्रियांच्या बाबतीत त्यातून गैरप्रकार घडत, बोभाटाही होई. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी 1577 मध्ये चर्चच्या बांधकामाविषयी सूचना काढल्या, त्यांत पेटीचा तपशील आहे: खिडकीवर बारीक भोकांचा लोखंडी पत्रा, पाद्र्याच्या बाजूने पातळ कापड. शब्द ऐकू यावेत, स्पर्श होऊ नये. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने चर्चमधल्या दर्शनी जागेची आणि जाळीची अट घातली.

1973 च्या नव्या विधीने समोरासमोर बसून कबुली देण्याची मुभा दिली. 28 मार्च 2014 रोजी सेंट पीटर्स बॅसिलिकात पोप फ्रान्सिस यांनी इतरांच्या कबुल्या ऐकण्याआधी सर्वांदेखत एका पाद्र्यापुढे गुडघे टेकले आणि स्वतःची कबुली दिली.