सानगडीच्या घरात समुद्र कसा नांदेल?

१/ भंडारा जिल्ह्यातील सानगडीचा परिसर हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांत गोड्या पाण्यातले मासे पिढ्यान्‌पिढ्या वाढले. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही आज येथील एखाद्या घरात खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय उभे राहू शकते. कसे?

२/ १८४६ साली अ‍ॅना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यातील प्राणवायू टिकावा म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास समुद्राचे पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आजच्या पंपाचे काम तेव्हा तिच्या हातांनी केले.

३/ पण समुद्राचे पाणीच नसेल तर? १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांनी साध्या मिठात मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल सिद्ध केले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. केवळ स्वयंपाकघरातील मीठ त्यांची जागा घेऊ शकत नाही.

४/ तिसरी अडचण अदृश्य होती. माशांच्या शरीरातून निघणारा अमोनिया त्यांच्याच जिवावर उठतो. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

५/ म्हणूनच टाकीत आधी खारे पाणी, वाळू आणि खडक येतात. जिवाणू रुजेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. मासे त्यानंतर, तेही थोडे-थोडे. तलावात हे काम निसर्ग करतो. काचेच्या टाकीत त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली, तर किंमत मासे मोजतात.