चाचणी आणि खटाटोप

सॉफ्टवेअरच्या चाचणीचा इतिहास सांगताना बहुधा पद्धतींचाच इतिहास सांगितला जातो: केंट बेक यांचे १९९४ चे एसयुनिट, १९९७ मध्ये एरिक गॅमांच्या साथीने लिहिलेले जेयुनिट, मग भाषेभाषेत निघालेली त्यांची भावंडे. कमांड लाइनवरच्या साधनांचा प्रवास पाहिला तर मात्र वेगळेच कारण पुढे येते. साधन किती करामती आहे यापेक्षा ते बसवून चालते करायला किती खटाटोप पडतो, यावर त्याचा प्रसार ठरत गेला.

याचा भक्कम पुरावा पर्ल या भाषेत सापडतो. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यासोबत चाचण्यांची 'टी' नावाची डिरेक्टरी होती. एकूण चाचण्या किती हे आधी सांगायचे आणि मग दर चाचणीला 'ओके' किंवा 'नॉट ओके' छापायचे, एवढाच रिवाज. हा साधेपणा हौसेचा नव्हता. जी भाषा धड चालते की नाही हेच तपासायचे आहे, तिच्याकडून ओळ छापण्यापलीकडे मागणार तरी काय? १९९५ मध्ये सीपॅन हे मॉड्यूल्सचे भांडार सुरू झाले आणि 'मेक', 'मेक टेस्ट', 'मेक इन्स्टॉल' हा क्रम पर्लवाल्यांच्या बोटांत बसला. चाचण्या फसल्या तर सीपॅनची कमांड मॉड्यूल बसवायला नकार देई. तरीही हवेच असेल तर 'फोर्स' म्हणावे लागे. त्यामुळे चाचणी लेखकाच्या यंत्रापुरती उरली नाही, वापरणाऱ्याच्या यंत्रावरही आपसूक घडू लागली. १९९८ पासून सीपॅन टेस्टर्स हे स्वयंसेवक नाना ऑपरेटिंग सिस्टिमांवरचे निकाल जाहीर करू लागले. याउलट ग्नू प्रकल्पाचे डेजाग्नू पाहा. जीसीसीसारख्या कंपायलरला पुरून उरणारे साधन. पण आधी टीसीएल ही भाषा हवी, मग एक्स्पेक्ट हवे, वर स्वतःची मांडणी. ते ग्नूच्या गोतावळ्याबाहेर फारसे गेले नाही.

यावर पायथॉनचा आक्षेप येणारच, आणि तो वजनदार आहे. २००१ च्या पायथॉन २.१ पासून 'युनिटटेस्ट' भाषेसोबत फुकट मिळते, तरी वेगळे बसवावे लागणारे पायटेस्टच लोकांनी उचलले. पण खटाटोप म्हणजे केवळ इन्स्टॉल करणे नव्हे. युनिटटेस्टला क्लास लिहावा लागतो, ठरलेल्या मेथड वापराव्या लागतात. पायटेस्टला साधे फंक्शन आणि 'असर्ट' पुरते, फाइलच्या नावावरून चाचण्या ते स्वतःच हुडकते. 'पिप'ची एक ओळ एकदा लिहिली की रोजची मेहनत वाचते. हिशेब एकूण कष्टांचा धरला तर आक्षेप उलट बाजूने साक्ष देतो.

दुसरा आक्षेप असा की पर्लच मागे पडली, मग तिचा दाखला कशाला? भाषा मागे पडली, रिवाज नाही. 'टॅप' या नावाने तो गिट आणि पोस्टग्रेसच्या चाचण्यांत आजही आहे. चाचणीचे साधन भाषेसोबतच देण्याची वाटही पुढे इतरांनी धरली. २०१२ च्या गो १ या भाषा-आवृत्तीसोबत 'गो टेस्ट' ही कमांड आली. जावास्क्रिप्टच्या नोडवाल्यांनी मात्र मोका, जेस्ट अशी साधने वर्षानुवर्षे वेगळी बसवली. अखेर २०२२ मध्ये नोड १८ ने स्वतःचे चाचणीयंत्र अंगभूत दिले, आणि सुरुवातीला त्याचा निकालही टॅपमध्येच छापला जाई.