दूध, ताक आणि आनुवंशिकता : सातारा-सांगली प्रदेशाच्या संदर्भात

बाल्यावस्थेत दूध पचविण्याची शक्ती मनुष्यास निसर्गतःच लाभलेली असते. दुधातील शर्करेचे विघटन लहान आतड्यातील लॅक्टेज नावाचे विकर करते. स्तनपान सुटल्यानंतर जगातील बहुसंख्य माणसांत या विकराची निर्मिती क्रमाने मंदावते. काहींत मात्र ती आयुष्यभर टिकते. तेव्हा प्रौढपणी दूध न पचणे ही विकृती नसून मानवाची मूळ प्रकृती होय. पचणे हाच नंतरचा फेरफार आहे. तो कोठे व का रुजला, हा प्रश्न जीवशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

या फेरफाराचे आनुवंशिक कारण २००२ साली फिनलंडमधील संशोधनातून प्रथम उघडकीस आले. दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकाच्या अलीकडे १३,९१० व्या स्थानी एकाच घटकाचा बदल झाला, की हे विकर प्रौढपणीही निर्माण होत राहते. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून तो बदल आला तरी पुरतो. पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत मात्र निराळेच बदल आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. भारतातील दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार येथे प्रामुख्याने आढळणारा बदल युरोपातीलच असून त्याचा उगमही समान आहे. वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे त्याचे प्रमाण घटत जाते, आणि पशुपालक समाजांत ते अधिक असते.

यावरून सातारा-सांगलीतील पशुपालकांविषयी सरसकट अनुमान बांधणे मात्र धोक्याचे आहे. कारण येथील पशुपालन एकजिनसी नाही. माण, आटपाडी, जत या अवर्षणग्रस्त भागांतील खिलार जनावर प्रसिद्ध आहे ते नांगर ओढण्यासाठी; दुधासाठी नव्हे. तेथील धनगरांची मेंढी लोकर, मांस आणि शेतात बसवून मिळणारे खत यांसाठी पाळली जाते. म्हणजे जित्राब विपुल असूनही दूध हे या जीवनपद्धतीचे मुख्य अन्न नव्हते.

सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी धनगरांची स्थिती निराळी होती. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांच्या परंपरागत व्यवहाराचे चित्र आले आहे. हे लोक म्हशी व गाई पाळीत, दुधाचे दही लावून ते घुसळीत, लोणी खोऱ्यातील शेतकऱ्यांना देऊन त्याबदली धान्य घेत आणि ताक घरी पीत.

या साध्या व्यवहारात एक जैविक मर्म दडलेले आहे. विरजणातील जीवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आम्लात रूपांतरित करतात. शिवाय दह्याताकातून पोटात गेल्यावर त्यांची विकरे उरलेली शर्करा पचविण्यास साह्य करतात. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. जे कार्य एखाद्या समाजात जनुकाने केले, ते येथे बव्हंशी विरजणाच्या मडक्याने केले असावे. तसे असेल, तर दुधावर जगणाऱ्या समाजातही त्या जनुकाची निकड तितकी तीव्र राहत नाही.

युरोपविषयक २०२२ सालच्या संशोधनानेही या विचारास पुष्टी मिळते. तेथे हा बदल सार्वत्रिक होण्यापूर्वी सहस्रावधी वर्षे दुधाचा वापर होत होता. दुष्काळ व रोगराई यांच्या काळात, अशक्त देहास न पचणारे दूध घातक ठरल्यामुळे, निवड तीव्र झाली असावी, असे त्या संशोधकांचे प्रतिपादन आहे. ते माणदेशास जसेच्या तसे लागू करता येणार नाही. १८७६-७८ च्या दुष्काळासारख्या आपत्तीत येथे वैरणीअभावी जनावरेच आधी बळी पडतात. मग संकटकाळचे अन्न म्हणून दूध उरणार कोठून?

तात्पर्य, जातीच्या नावावरून किंवा परंपरागत धंद्यावरून पचनशक्ती ठरविता येत नाही. दुधाच्या उत्पादनात आज अग्रेसर असलेल्या या जिल्ह्यांत दूध न सोसणाऱ्या मुलास हट्टी वा रोगी ठरविण्याआधी त्यास ताक देऊन पाहणे शहाणपणाचे होईल. त्याच्या आजीस ही युक्ती ठाऊक होती. तिचे कारण तेवढे आपणांस आता कळले आहे.