पुनरागमन : समीक्षेने रचलेले एक कथानक

बॉब डिलनची 'टाइम आउट ऑफ माइंड' ही ध्वनिमुद्रिका ३० सप्टेंबर १९९७ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा अर्थ जवळजवळ ठरून गेलेला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका बुरशीजन्य संसर्गामुळे हृदयावरणाला सूज येऊन डिलन रुग्णालयात दाखल झाला होता. छप्पन्न वर्षांचा गीतकार, सात वर्षांच्या खंडानंतरची स्वरचित गीते, आणि त्या गीतांतून थकवा, रात्र, अखंड पायपीट : मृत्यूच्या दारातून परतलेल्या कवीचे मनोगत म्हणून ती वाचली गेली. १९९८ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाल्यावर 'पुनरागमना'च्या या कथानकावर शिक्कामोर्तब झाले.

अडचण कालक्रमाची आहे. मुख्य ध्वनिमुद्रण मायामी येथे जानेवारी १९९७ मध्येच झाले होते. आजार गीतांनंतर आला. समीक्षेने त्याला उचलून गीतांच्या मागे नेऊन बसवले. चरित्रात्मक समीक्षेचा हा दोष आपल्याला नवा नाही. परंतु बार्थने १९६७ मध्ये केलेली लेखकाच्या मृत्यूची घोषणा तोंडपाठ असणारेही घोगऱ्या आवाजापुढे विरघळतात, कारण गीतातल्या 'मी'ला ऐकू येणारे शरीर असते.

या गीतांची पूर्वपीठिका, माझ्या मते, ज्या वर्षांना ओसाड मानले जाते त्यांतच आहे. १९९२ व १९९३ मध्ये डिलनने 'गुड ॲज आय बीन टु यू' आणि 'वर्ल्ड गॉन राँग' या मुद्रिका केल्या. त्यांत स्वतःचे एकही गीत नाही. गिटार, माउथ ऑर्गन आणि जुनी लोकगीते व ब्लूज, एवढेच. दुसऱ्या मुद्रिकेसोबतच्या टिपणात त्याने गीतांचे ऋणही नोंदवले. ब्लूजच्या ओळी कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. जात्यावरच्या ओव्यांचे चरण हिंडतात तशा त्या एका गीतातून दुसऱ्यात जातात. १९९७ च्या गीतांतील थकलेला 'मी' या सामायिक भांडवलातून घडला आहे.

साडेसोळा मिनिटांचे 'हायलँड्स' हे अखेरचे गीत पाहावे. त्याचा धागा रॉबर्ट बर्न्सच्या १७९० मध्ये छापलेल्या गीताकडे जातो, आणि खुद्द बर्न्सने त्या गीताचा आरंभ जुना, आपला नव्हे, असे नोंदवले होते. उगमाकडे जावे तर उगमही उसना. त्याच गीतात बॉस्टनच्या उपाहारगृहातील परिचारिका निवेदकाकडून आपले चित्र काढवून घेते आणि ते मुळीच आपल्यासारखे नाही म्हणते. आत्मनिवेदन शोधणाऱ्यांनी हा प्रसंग दोनदा ऐकावा.

शिवाय ही संहिता स्थिरही नाही. निर्माता डॅनियल लान्वाच्या दाट, घुमणाऱ्या ध्वनिरचनेवर डिलन समाधानी नव्हता. 'लव्ह अँड थेफ्ट' (२००१) त्याने 'जॅक फ्रॉस्ट' या टोपणनावाने स्वतःच निर्मिले आणि आधी वगळलेले 'मिसिसिपी' त्यात घेतले. २०२३ मध्ये 'फ्रॅग्मेंट्स' या संचातून १९९७ च्या मुद्रिकेचे नवे मिश्रण आले. त्यात ते धुके बरेच विरळ आहे, आणि मरणाच्या छायेतला म्हणून वर्णिलेला आवाज अधिक जवळचा, कुठे कुठे चक्क मिस्कील ऐकू येतो.